नोंदी करणाऱ्याच्या खुर्चीतून ॲप्स स्क्रिप्ट

गूगल शीट्समध्ये रोज नोंदी करणाऱ्या प्रत्येकाने ॲप्स स्क्रिप्ट, म्हणजे शीटकडून आपोआप कामं करून घेणारा कोड लिहिण्याची गूगलची सोय, शिकून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. प्रोग्रामरने शिकावी असं मी म्हणत नाही, ती त्याला येतेच. नोंदी करणाऱ्याने शिकावी. कोणता कॉलम दर वेळी तोच मजकूर मागतो, बोटं कुठे अडखळतात, कुठला आकडा चुकला तर पुढे काय काय बिघडतं, हे त्यालाच माहीत असतं. बाहेरून बोलावलेल्या माणसाला हे सगळं समजावून सांगायला जितका वेळ जातो, तेवढ्यात पहिली छोटी स्क्रिप्ट आपली आपण लिहून होते.

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नमुन्यांची नोंद करते. बाटली येते, तिच्यासोबत चिठ्ठी येते. चिठ्ठीवर स्रोताचा कोड, नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ, घेणाऱ्याचं नाव आणि कोणत्या चाचण्या करायच्या एवढंच असतं. शीटमध्ये मात्र याहून बरंच भरावं लागतं. नमुना क्रमांक, बाटली आमच्याकडे पोहोचल्याची वेळ, स्रोताचं पूर्ण नाव, ती विहीर आहे की बोअर की नळ, तो कोणत्या विभागात येतो, अहवाल कोणाला पाठवायचा. यातलं निम्मं चिठ्ठीवर नसतंच, आणि असायची गरजही नाही. कोड कळला की बाकीचं दुसऱ्या टॅबवरच्या स्रोतांच्या यादीत आधीपासून लिहिलेलं आहे. तरी ते कुणीतरी पुन्हा टाइप करतं. मग 'बोअर'चं कधी 'बोर' होतं, नावाच्या मागे एखादी स्पेस चिकटते, आणि महिनाअखेरीला मोजणी करताना एकच स्रोत तीन वेगवेगळ्या नावांनी समोर येतो. जे फक्त माणसाला ठाऊक आहे तेवढंच माणसाने टाइप करावं, बाकीचं शीटने भरावं, ही माझी अपेक्षा. ॲप्स स्क्रिप्ट ती पूर्ण करते. पण काही अटींवर, आणि त्या अटी आधी माहीत असलेल्या बऱ्या.

ज्यांनी हे कधी उघडून पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गूगल शीट्स २००६ साली आलं, ॲप्स स्क्रिप्ट २००९ साली. भाषा जावास्क्रिप्ट. काही इन्स्टॉल करावं लागत नाही, वेगळे पैसे लागत नाहीत. शीटच्या वरच्या पट्टीत एक्स्टेन्शन्स या मेनूत ॲप्स स्क्रिप्ट आहे, त्यावर क्लिक केलं की नव्या टॅबमध्ये एडिटर उघडतो. तुम्ही लिहिलेला कोड गूगलच्या सर्व्हरवर चालतो, त्यामुळे रात्री ठरावीक वेळी चालणाऱ्या कामासाठी आपला कॉम्प्युटर चालू असण्याची गरज नाही. २०२० मध्ये त्याखालचं इंजिन बदलून व्ही-एट आलं आणि आधुनिक जावास्क्रिप्ट चालू लागली. नेटवर सापडणाऱ्या धड्यात 'टूल्स मेनूत जाऊन स्क्रिप्ट एडिटर उघडा' असं लिहिलेलं दिसलं तर तो धडा जुना आहे, एवढं ओळखावं.

सगळ्यात जास्त उपयोग होतो तो ऑनएडिट या नावाच्या फंक्शनचा. या नावाचं फंक्शन लिहून ठेवलं की शीटमध्ये कुणीही हाताने काही बदललं की ते आपोआप चालतं. त्याला एक इव्हेंट मिळतो. कोणता सेल बदलला, आता त्यात काय आहे आणि आधी काय होतं, हे सगळं त्यात असतं. आमच्या फंक्शनच्या पहिल्या दोन ओळी फक्त खात्री करतात: बदल 'नोंदवही' याच टॅबवर झालाय ना, आणि तो स्रोत-कोडच्याच कॉलमात आहे ना. नसेल तर तिथूनच परत. या दोन ओळी नसतील तर शीटच्या कुठल्याही कोपऱ्यात काहीही लिहिलं तरी स्क्रिप्ट कामाला लागते आणि नको तिथे मजकूर टाकून मोकळी होते. खात्री पटली की पुढे ती स्रोतांच्या यादीत कोड शोधते, नाव, प्रकार, विभाग आणि अहवालाचा पत्ता त्या ओळीत भरते, शेजारी आत्ताची तारीख-वेळ टाकते. कोड यादीत नसेल तर सेल लाल होतो आणि बाकीचं रिकामं राहतं.

हे तर फॉर्म्युल्यानेही होईल, असं कुणी म्हणेल. यादीतून जुळणारी माहिती शोधून आणणारा व्हीलुकअप आहेच. पण नोंदवही आणि हिशेबाचा तक्ता यांत फरक आहे. फॉर्म्युला दर वेळी आजची यादी बघतो. एखाद्या स्रोताचा अहवाल आजपासून दुसऱ्या कार्यालयाकडे जायला लागला आणि यादीत तो पत्ता बदलला, की मागच्या वर्षीच्या नोंदींतला पत्ताही गुपचूप बदलतो. वेळेचं तर विचारूच नका. नाऊ हा फॉर्म्युला शीटमध्ये काहीही बदललं की नव्याने मोजला जातो, म्हणजे सकाळी आलेल्या बाटलीची वेळ दुपारी दुपारचीच दिसते. जिवाणू तपासणीच्या नमुन्यात पाणी भरल्यापासून तपासणी सुरू होईपर्यंत किती तास गेले यावर तो नमुना ग्राह्य धरायचा की नाही हे ठरतं. तिथे वेळ सरकणं परवडत नाही. स्क्रिप्ट जे लिहिते ते साधं मूल्य असतं, एकदा लिहिलं की तिथेच राहतं. मला नोंदवहीसाठी हेच हवं होतं.

ऑनएडिटच्या मर्यादा मात्र डोळ्यांआड करू नयेत. एकाच वेळी अनेक सेल पेस्ट केले तर इव्हेंटमधलं 'नवं मूल्य' मिळत नाही, कारण मूल्य एक नसतंच. मग बदललेला पूर्ण पट्टा वाचून त्यातली एकेक ओळ हाताळावी लागते. बहुतेक तयार धडे एका सेलवरच थांबतात, आणि प्रत्यक्ष कामात लोक पेस्टच करतात. फॉर्म्युल्यामुळे किंवा दुसऱ्या स्क्रिप्टने झालेला बदल ऑनएडिटला कळत नाही. गूगल फॉर्ममधून आलेल्या ओळीसाठी फॉर्म सबमिटचा वेगळा ट्रिगर, म्हणजे काही घडलं किंवा वेळ झाली की स्क्रिप्ट आपोआप सुरू करणारी सोय, लावावा लागतो. ऑनएडिटसारख्या साध्या ट्रिगरला ३० सेकंदांच्या आत काम उरकावं लागतं आणि परवानगी लागणाऱ्या सेवा, उदाहरणार्थ मेल पाठवणं, त्यातून वापरता येत नाहीत. नोंद कोणी केली हेही त्याला दर वेळी ओळखता येतंच असं नाही, म्हणून आमच्याकडे आद्याक्षरांचा ड्रॉपडाउन अजून आहे आणि तो हातानेच निवडला जातो. शिवाय खूप भराभर टाइप केलं तर एखादी ओळ ट्रिगरच्या हातून निसटू शकते. त्यासाठी दर तासाला चालणारी दुसरी छोटी स्क्रिप्ट आहे, ती कोड भरलेल्या पण नाव रिकाम्या ओळी शोधून पिवळ्या करते. वेळ मात्र ती स्वतःहून भरत नाही. ती बाटली आल्यावर चिठ्ठीवर मारलेल्या शिक्क्यावरून माणसानेच भरायची.

आता नमुना क्रमांक. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण दोन बाटल्यांना एकच क्रमांक मिळाला तर पुढचे सगळे निकाल संशयास्पद होतात. सरळ उपाय म्हणजे शेवटचा क्रमांक वाचायचा, त्यात एक मिळवायचा आणि लिहायचा. एकच माणूस काम करत असेल तोवर हे छान चालतं. दोन टेबलांवरून एकाच क्षणी दोन नोंदी झाल्या की दोन्ही स्क्रिप्ट तोच शेवटचा क्रमांक वाचतात आणि तोच पुढचा क्रमांक लिहितात. यावर ॲप्स स्क्रिप्टमध्ये लॉकसर्व्हिस आहे. क्रमांक वाचण्याआधी कुलूप घ्यायचं, लिहून झालं की सोडायचं. दुसरी स्क्रिप्ट तोवर थांबते. यात एक बारकावा आहे. शीटमध्ये लिहिण्याचे आदेश स्क्रिप्ट काही वेळा साठवून ठेवते आणि नंतर एकदम अमलात आणते. म्हणजे कुलूप सुटलं तरी क्रमांक प्रत्यक्ष शीटवर उतरलेला नसू शकतो. म्हणून कुलूप सोडण्याआधी फ्लश ही आज्ञा द्यायची, म्हणजे साठलेलं सगळं लिहून होतं. ही एक ओळ असलेली आणि नसलेली स्क्रिप्ट चाचणीत सारखीच दिसते, फरक गर्दीच्या दिवशी पडतो.

दुसरा मोठा फायदा उपकरणांच्या फाइलींमुळे झाला. आमच्या एका उपकरणातून निकाल सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या मजकुराच्या, फाइलमध्ये बाहेर पडतात. पूर्वी ती फाइल एका खिडकीत आणि शीट दुसऱ्या खिडकीत ठेवून आकडे बघून बघून टाइप केले जायचे. आता फाइल ड्राइव्हवरच्या ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकायची. वेळेवर चालणारा ट्रिगर फोल्डर तपासतो, फाइल वाचतो, नमुना क्रमांक जुळवून निकाल योग्य ओळीत बसवतो आणि फाइल 'झालेल्या' फोल्डरमध्ये हलवतो. जो क्रमांक जुळत नाही त्याची ओळ वेगळ्या टॅबवर जाते. आकडा एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर नेताना डोळ्यांचा आणि बोटांचा संबंधच उरला नाही. ७.२ चं ७२ होण्याची वाटच बंद झाली.

पण इथेच सर्वांत जास्त सांभाळायला लागतं. '००४१७' असा क्रमांक शीटमध्ये लिहिला की शीट त्याला संख्या समजते आणि सुरुवातीची शून्यं उडवते. लिहिण्याआधी त्या कॉलमाचं स्वरूप साधा मजकूर असं ठरवून द्यावं लागतं, नंतर ठरवून गेलेली शून्यं परत येत नाहीत. ०३/०४ ही ३ एप्रिल की ४ मार्च, हे शीटच्या लोकॅल, म्हणजे देशानुसारच्या, सेटिंगवर ठरतं. म्हणून तारीख स्क्रिप्टमध्येच दिवस, महिना, वर्ष असे तुकडे करून तयार करावी. त्यातही जावास्क्रिप्ट महिने शून्यापासून मोजते, म्हणजे एप्रिलसाठी ३ द्यायचे. आणि सगळ्यात धोकादायक गोष्ट ही: जावास्क्रिप्टमध्ये रिकाम्या मजकुराचं संख्येत रूपांतर केलं तर उत्तर शून्य येतं. आमच्या कामात नायट्रेटच्या रकान्यात काहीही नसणं म्हणजे चाचणी केली नाही, आणि शून्य म्हणजे चाचणी केली आणि नायट्रेट सापडलं नाही. या दोन वाक्यांवर कुणाच्या पिण्याच्या पाण्याचा निर्णय होतो. तेव्हा आधी रिकामं आहे का ते बघायचं, मगच रूपांतर. '०.०५ पेक्षा कमी' अशा अर्थाने चिन्हासह येणारे निकालही संख्या करू नयेत, मजकूर म्हणून तसेच ठेवावेत. चिन्ह काढून उरलेला आकडा लिहिणारी स्क्रिप्ट वापरायला सोपी असते, पण ती खोटा निकाल लिहिते.

मराठीत नोंद करणाऱ्यांसाठी एक खास सूचना. टॅबची नावं, मेनूतली नावं, सूचनांचे संदेश हे सगळं मराठीत चालतं, अगदी कोडमधल्या व्हेरिएबलचं नावसुद्धा देवनागरीत ठेवता येतं. अडचण अंकांची आहे. मराठी कीबोर्डवरून '४५' टाइप झालं तर जावास्क्रिप्टला ती संख्या वाटत नाही. आम्ही देवनागरी अंक आले की त्यांच्या जागी इंग्रजी अंक बसवणारं चार ओळींचं फंक्शन लिहून ठेवलंय आणि प्रत्येक आकडा आधी त्यातून जातो. यामुळे ज्यांना मराठी कीबोर्डची सवय आहे त्यांना ती मोडावी लागली नाही. हे मला फार समाधानाचं वाटतं. सवय माणसाने का बदलायची, स्क्रिप्टने समजून घ्यावं.

वेगाबद्दल तक्रार करणारे पुष्कळ भेटतात, आणि बहुतेकांच्या कोडमध्ये कारण एकच असतं. प्रत्येक सेल वेगळा वाचायचा, वेगळा लिहायचा. स्क्रिप्ट आणि शीट यांच्यातली प्रत्येक ये-जा महाग पडते. गूगलच्याच मार्गदर्शनात १०,००० सेल भरण्याचं उदाहरण आहे: सारखी ये-जा करत लिहिल्यास सुमारे ७० सेकंद, सगळे एकदम लिहिल्यास १ सेकंद. म्हणून गेटव्हॅल्यूजने पूर्ण पट्टा एका झटक्यात वाचायचा, स्क्रिप्टच्या आत हवं ते करायचं आणि सेटव्हॅल्यूजने एका झटक्यात लिहायचं. एवढी एक गोष्ट पाळली तर वेगाची तक्रार जवळजवळ संपते.

उरतात त्या गूगलने घातलेल्या मर्यादा. एक स्क्रिप्ट एका वेळी ६ मिनिटांपर्यंतच चालते, नंतर ती मध्येच थांबवली जाते. काम मोठं असेल तर कुठवर आलो ते प्रॉपर्टीजसर्व्हिसमध्ये, म्हणजे स्क्रिप्टच्या स्वतःच्या छोट्या साठ्यात, लिहून ठेवावं आणि पुढच्या फेरीत तिथून सुरू करावं. साध्या वैयक्तिक खात्यावरून ट्रिगरना दिवसाला एकूण ९० मिनिटं मिळतात आणि स्क्रिप्टमधून मेल दिवसाला १०० जणांनाच पाठवता येतो. संस्थेच्या वर्कस्पेस खात्याला यापेक्षा बरंच जास्त मिळतं. नोंदींच्या कामाला मला या मर्यादा पुरेशा वाटतात. मेल पाठवण्याचं काम मोठं असेल त्यांनी मात्र आधी हिशोब करावा.

परवानगीच्या पडद्याबद्दल माझी नाराजी आहे. स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट पहिल्यांदा चालवतानासुद्धा 'गूगलने हे ॲप पडताळलेलं नाही' असा इशारा येऊ शकतो आणि पुढे जायला असुरक्षित म्हटलेल्या दुव्यावर क्लिक करावं लागतं. नवीन माणूस इथेच हात आखडता घेतो. त्याहून वाईट म्हणजे स्वतःच्या स्क्रिप्टसाठी लोकांना या क्लिकची सवय लागते आणि मग परक्या स्क्रिप्टलाही ते डोळे मिटून परवानगी देतात. त्यातच स्क्रिप्ट मुळात तुमच्या सगळ्याच शीट वाचण्या-बदलण्याची परवानगी मागते. फाइलच्या वरच्या टिप्पणीत 'ओन्लीकरंटडॉक' ही खूण लिहिली की ती मागणी चालू असलेल्या शीटपुरतीच होते. ही खूण मी प्रत्येक स्क्रिप्टमध्ये सगळ्यात आधी टाकते. कुणाकडून घेतलेल्या किंवा चॅटबॉटकडून लिहून घेतलेल्या कोडमध्ये तर ती हवीच, आणि असा कोड शीटच्या प्रतीवर चालवून बघितल्याशिवाय खऱ्या शीटला लावू नये.

दुसरी गोष्ट मालकीची. वेळेवर चालणारे किंवा आपण लावलेले ट्रिगर ज्याने लावले त्याच्या खात्यावरून चालतात. तो माणूस गेला, खातं बंद झालं, की ट्रिगरही बंद. माझ्या माहितीतल्या एका कार्यालयात नेमकं हेच झालं आणि निकाल भरले जात नाहीत हे कळायला बराच काळ गेला. ट्रिगर कार्यालयाच्या सामाईक खात्यावरून लावावेत आणि काही बिघडलं तर लगेच मेल येईल अशी सेटिंग निवडावी, नाहीतर सूचना दिवसातून एकदाच येते. शीटची प्रत केली की स्क्रिप्ट सोबत जाते, हे लावलेले ट्रिगर मात्र जात नाहीत. नवीन वर्षाची नोंदवही जुनीची प्रत करून सुरू करणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

मोबाइलवर आपण बनवलेले मेनू आणि चित्राला जोडलेली बटणं चालत नाहीत. ऑनएडिट चालतं, म्हणून बटणाच्या जागी चेकबॉक्स ठेवावा. टिक केली की स्क्रिप्ट चालते आणि काम झालं की टिक स्वतःच काढते.

पर्याय मी पाहिले आहेत. ब्राउझरमधल्या एक्सेलला ऑफिस स्क्रिप्ट्स आहेत, त्यांची भाषा टाइपस्क्रिप्ट, कोडही नीटनेटका. पण सेलमध्ये टाइप होताच आपोआप चालणारी सोय त्यात नाही, आणि माझं सगळं काम त्याच सोयीवर उभं आहे. डेस्कटॉप एक्सेलच्या व्हीबीए या कोडभाषेत ती आहे, पण तो कोड ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये चालत नाही. पायथन या प्रोग्रामिंग भाषेने बाहेरून शीट्समध्ये लिहिता येतं, फक्त ते चालवायला आपला कॉम्प्युटर किंवा सर्व्हर लागतो. शीट्समधला मॅक्रो रेकॉर्डर ज्यांना कोडची भीती वाटते त्यांना चांगला. तो तुमच्या कृतींचा ॲप्स स्क्रिप्ट कोडच लिहून देतो, आणि तो कोड वाचता वाचता पुष्कळ शिकायला मिळतं.

जिथे स्क्रिप्ट लागतच नाही तिथे ती लिहू नये, हेही सांगते. पीएच ० ते १४ च्या बाहेर जाऊ नये यासाठी शीट्समधलं डेटा व्हॅलिडेशन, म्हणजे सेलमध्ये काय चालेल याचा नियम, पुरतं. ते दोन क्लिकमध्ये लागतं आणि दुसऱ्या कुणालाही समजतं. आणि शीटच्या १ कोटी सेलच्या मर्यादेकडे जाणारं काम असेल तर स्क्रिप्ट सुधारत बसण्यापेक्षा डेटाबेसकडे वळावं.

आमच्याकडे पुढचं काम ठरलं आहे. ज्येष्ठ केमिस्ट मॅडम अजून बुरेटचं, म्हणजे द्रव मोजून सोडणाऱ्या काचनळीचं, वाचन कागदी वहीत लिहितात आणि तिथून ते शीटमध्ये येतं. त्यांच्या टेबलावर टॅब्लेट ठेवून फक्त दोन वाचनं टाइप करायची आणि क्लोराइडचा हिशोब स्क्रिप्टने करायचा, असा आराखडा त्यांनीच काढून दिला आहे. मूळ वाचनंही शीटमध्ये राहिली पाहिजेत ही त्यांची अट आहे, आणि कोडची पहिली ओळ त्या स्वतः लिहिणार आहेत.